‘घोड्यांचा चित्रकार’ हा शिक्का: जॉर्ज स्टब्जचं प्रकरण

प्रकरण काय आहे

1780 साली जोसाया वेजवुड या इंग्लंडमधल्या चिनी मातीच्या बड्या कारखानदाराने आपल्या भागीदाराला एक पत्र लिहिलं. त्याच्या घरी तेव्हा जॉर्ज स्टब्ज नावाचा चित्रकार मुक्कामाला होता आणि वेजवुड कुटुंबाचं चित्र काढत होता. पत्रातली तक्रार अशी होती, की हा माणूस घोडे, सिंह, कुत्रे आणि वाघ यांखेरीज दुसरं काही काढत असेल असं कोणाच्या मनातही येत नाही. त्याने कधी माणसाची आकृती रंगवली आहे, हे लोकांना पटवता पटवता नाकी नऊ येतात.

स्टब्जने तेव्हा पन्नाशी केव्हाच ओलांडली होती. इंग्लंडमधले उमराव त्याच्याकडून घोडे रंगवून घेत होते आणि पोटापाण्याची त्याला ददात नव्हती. तरीही पुढची पंचवीस वर्षं तो याच एका गोष्टीशी झगडत राहिला. ज्या कामाने आपल्याला उभं केलं, त्याच कामाने बाकीच्या वाटा बंद केल्या तर काय करायचं, हा या प्रकरणाचा विषय आहे. चित्रकार, छायाचित्रकार, सुलेखनकार, संगीतकार, कोणत्याही कलेवर पोट असणाऱ्याला हा पेच कधी ना कधी पडतो. प्रकरण अभ्यासात आपण सहसा नावं झाकतो. इथली माणसं दोनशे वर्षांपूर्वीची आणि इतिहासात नोंदलेली असल्यामुळे नावं उघडी ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

स्टब्जचा जन्म 1724 साली लिव्हरपूलला झाला. वडील कातड्याचे कारागीर होते. कमावलेलं कातडं तेलपाणी देऊन, घासूनपुसून मऊ करायचं, हा त्यांचा धंदा. पंधरा-सोळा वर्षांचा होईपर्यंत मुलगा त्याच कामाला जुंपलेला होता. मेलेल्या जनावराच्या अंगाला हात लावायची किळस त्याला पुढे कधी वाटली नाही. त्याची बैठक या दुकानात बसली असावी, असं मला वाटतं.

चित्रकलेचं शिक्षण म्हणावं असं त्याला फार थोडं मिळालं. हॅम्लेट विन्स्टन्ली हा चित्रकार तेव्हा नोजली हॉल या वाड्यातल्या चित्रांच्या नकला करत होता. स्टब्ज त्याच्या हाताखाली लागला. कोणत्या चित्राची नक्कल कोणी करायची यावरून दोघांचं बिनसलं आणि काही आठवड्यांतच स्टब्ज बाहेर पडला. यापुढे नकला करायच्या नाहीत, जे शिकायचं ते निसर्गाकडे बघून शिकायचं, असं त्याने ठरवलं. वय जेमतेम सोळा-सतरा. ही घटना लक्षात ठेवायला हवी, कारण हाच हट्ट या प्रकरणात पुढे दोनदा डोकं वर काढतो. एकदा तो त्याला तारतो आणि एकदा बुडवतो.

पुढे तो यॉर्कला गेला. व्यक्तिचित्रं काढून पोट भरायचं आणि तिथल्या इस्पितळात शवविच्छेदन शिकायचं, असा क्रम होता. डॉ. जॉन बर्टन यांना प्रसूतिशास्त्रावरच्या ग्रंथासाठी चित्रं हवी होती. स्टब्जला तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं तंत्र येत नव्हतं. त्याने जुजबी माहिती मिळवली आणि पत्रे स्वतःच कोरले. ग्रंथ 1751 साली निघाला. ती चित्रं काही देखणी नव्हेत, पण दुसरा कोणी करत नसेल तर आपण शिकून करायचं, ही त्याची रीत तिथे ठरली.

1754 साली तो रोमला जाऊन आला. त्या काळी इंग्रज चित्रकार रोमला जायचे ते प्राचीन शिल्पं आणि इटालियन गुरूंची चित्रं अभ्यासायला. निसर्ग हा कलेपेक्षा थोर आहे याची खात्री करून घ्यायला आपण गेलो होतो आणि ती झाल्यावर परतलो, असं स्टब्जने उतारवयात ओझायस हम्फ्री या चित्रकार मित्राला सांगितलं. स्टब्जच्या पूर्वायुष्याबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं हम्फ्रीच्या टिपणांतूनच आलेलं आहे.

पहिला निर्णय: हॉर्कस्टोचे अठरा महिने

1756 साली स्टब्ज लिंकनशरमधल्या हॉर्कस्टो या खेड्यात जाऊन राहिला. सोबत मेरी स्पेन्सर होती. ती त्याची आयुष्यभराची जोडीदार ठरली. गावाबाहेरच्या एका शेतघरात त्याने सुमारे दीड वर्ष घोडे फाडून पाहिले. शेजारच्या जमीनदार घराण्यातल्या लेडी नेलथॉर्प यांचा आधार होता, पण हे काम कोणी सांगितलेलं नव्हतं. घेणारं गिऱ्हाईकही समोर नव्हतं.

काम चालायचं ते असं. गळ्याची शीर कापून घोड्याचं रक्त जाऊ द्यायचं. मग रक्तवाहिन्यांत वितळलेली चरबी भरायची, म्हणजे त्या थिजून फुगलेल्या राहतात आणि आकार सोडत नाहीत. छताला कप्पीने लोखंडी दांडा टांगलेला असे. त्याला कमी-जास्त लांबीचे आकडे. ते बरगड्यांतून, पाठीच्या कण्याखालून अडकवायचे आणि घोडा चालतोय अशा ढंगात उभा करायचा. खूर खालच्या फळीवर टेकवायचे. मग कातडी काढायची, पहिला स्नायूंचा थर उघडा करायचा, मोजायचा, काढायचा, त्याबद्दल लिहायचं. मग तो थर उचलून त्याखालचा. असं करत करत हाडांपर्यंत. एक घोडा सहासात आठवडे पुरायचा. पहिला तर अकरा आठवडे चालला, अशी नोंद आहे.

त्या खोलीतल्या वासाची कल्पना करवत नाही. तिथे काढलेली बेचाळीस रेखाटनं आज लंडनच्या रॉयल अकादमीत आहेत, आणि त्यांच्यात मात्र त्या घाणीचा मागमूसही नाही. पेन्सिलीची रेघ इतकी शांत आहे, की सोललेला घोडासुद्धा आपल्याच चालीने चाललाय असं वाटतं.

हा निर्णय घेताना तोट्याची बाजू उघड होती. दीड वर्ष नियमित मिळकत नाही, वय बत्तीस, नाव कुठेच नाही. दुसऱ्या बाजूला बाजारातली एक रिकामी जागा होती. शर्यतींचं वेड इंग्रज उमरावांत जोर धरत होतं. जॉन वूटन आणि जेम्स सेमर यांच्या पिढीतले चित्रकार ठरावीक साच्यातले घोडे काढत. लांब मान, बारीक डोकं, चारही पाय ताणून हवेत. घोडा आतून कसा बांधलेला आहे हे जाणणारा चित्रकार कोणी नव्हता. स्टब्जने हा हिशेब मांडला होता का, हे सांगता येत नाही. मला वाटतं, त्याला घोडा समजून घ्यायचा होता आणि बाजार नंतर आला.

रेखाटनं घेऊन तो लंडनला आला, तेव्हा तिथल्या नावाजलेल्या कोरक्यांनी हे काम घ्यायला नकार दिला. मग त्याने यॉर्कचाच मार्ग धरला. दिवसा गिऱ्हाइकांची चित्रं आणि पहाटे-रात्री तांब्याचे पत्रे, असं त्याने कित्येक वर्षं केलं. ‘अश्वाची शरीररचना’ हा अठरा तक्त्यांचा ग्रंथ 1766 साली बाहेर पडला. युरोपातल्या शरीरशास्त्रज्ञांनी तो डोक्यावर घेतला. नेदरलँड्समधून पेट्रस कांपरने तर स्टब्जला पत्र लिहून कौतुक कळवलं.

लंडन: काम मिळालं, शिक्काही मिळाला

ग्रंथ निघायच्या आधीच रेखाटनांनी आपलं काम केलं होतं. 1759-60 च्या सुमारास ड्यूक ऑफ रिचमंडने त्याला गुडवुडला बोलावून तीन मोठी चित्रं करून घेतली. पाठोपाठ मार्क्विस ऑफ रॉकिंगहॅम, ग्रोव्हनर, बोलिंगब्रोक असे एकाहून एक शर्यतबाज उमराव आले. 1763 पासून लंडनच्या सॉमरसेट स्ट्रीटवर त्याचं स्वतःचं घर झालं आणि तो अखेरपर्यंत तिथेच राहिला.

रॉकिंगहॅमसाठी 1762 च्या सुमारास त्याने काढलेला ‘व्हिसलजॅकेट’ आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. जवळजवळ तीन मीटर उंचीचा कॅनव्हास आणि त्यावर मागच्या पायांवर उठलेला तांबूस-सोनेरी घोडा. खोगीर नाही, लगाम नाही, मोतद्दार नाही. मागे झाड नाही, आकाश नाही, जमीनसुद्धा नाही. नुसता मातकट, पिवळसर रंग. मागच्या खुरांपाशी दोन लहानशा सावल्या आहेत आणि तेवढ्या आधारावर ते धूड उभं आहे. पोटावरच्या शिरा, खांद्याचा गोळा, आयाळीखालून दिसणारी मानेची ताण, प्रत्येक जागी हॉर्कस्टोचा अभ्यास दिसतो.

आता पैशाची बाजू. 1762 च्या डिसेंबरात रॉकिंगहॅमकडून स्टब्जला एका सिंहाच्या आणि एका ‘खऱ्याएवढ्या’ घोड्याच्या अशा दोन चित्रांचे मिळून 80 गिनी (एक गिनी म्हणजे पौंडाहून किंचित जास्त) मिळाल्याची पावती आहे. त्यानंतर दोनच वर्षांत जोशुआ रेनल्ड्झ या आघाडीच्या व्यक्तिचित्रकाराचा एका पूर्णाकृती व्यक्तिचित्राचा दर 150 गिनी झाला होता. कलेच्या उतरंडीत सर्वांत वर इतिहास आणि पुराणातले प्रसंग, मग माणसांची चित्रं आणि जनावरं खूप खाली. रेनल्ड्झ हा याच उतरंडीचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता होता. घोडा कितीही अप्रतिम काढला तरी त्याचं मोल ठरवणारी पायरी आधीच ठरलेली होती.

स्टब्जला माणूस काढता येत नव्हता, असं अजिबात नाही. मला त्याचं एक चित्र यासाठी फार महत्त्वाचं वाटतं, आणि ते आपल्याशी नातं सांगणारंही आहे. मद्रासचा गव्हर्नर जॉर्ज पिगट परतताना एक चित्ता घेऊन गेला आणि तो त्याने राजा तिसऱ्या जॉर्जला नजर केला. 1764 च्या जूनमध्ये विंडसरच्या राखीव रानात त्याला सांबरासारख्या एका नर हरणावर सोडून पाहिलं. चित्त्याची काही मात्रा चालली नाही. हरणानेच त्याला शिंगांवर घेतलं. स्टब्जच्या चित्रात तो क्षण अजून आलेला नाही. पांढऱ्या पोशाखातल्या दोघा हिंदी चित्तेवानांपैकी एकाने चित्त्याला पट्ट्याने धरून डोळ्यांवरची लाल टोपी मागे सारली आहे आणि दुसरा हात लांब करून हरीण दाखवतो आहे. कोल्हापूर संस्थानातल्या चित्तेवानांच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना ती टोपी लगेच ओळखू येईल. इंग्लंडमधल्या त्या काळच्या चित्रांत परदेशी नोकर बहुधा कोपऱ्यातली शोभा म्हणून येतात. इथे ती दोन जाणती, आपल्या कामात गढलेली माणसं आहेत. आज मँचेस्टरच्या कलादालनात असलेलं हे चित्र बघून ‘याने कधी माणूस काढलाय का?’ असं विचारणाऱ्याची कीवच येते.

पण काम येत गेलं ते जनावरांचंच. विल्यम हंटर या वैद्यकाला नीलगाय हवी, त्याचा भाऊ जॉन हंटरला गेंडा हवा, ड्यूक ऑफ मार्लबरोकडे क्लाइव्हने भेट दिलेली वाघीण होती. सगळे स्टब्जकडेच आले. प्रत्येक कामाने शिक्का आणखी गडद केला.

अडचण

म्हणजे 1770 च्या आसपास परिस्थिती अशी होती. काम भरपूर. हातात असं कौशल्य की देशात तोड नाही. पण दर, मान आणि विषय या तिन्हींवर झाकण बसलेलं. शिवाय घोड्यांच्या चित्रांचा ग्राहकवर्ग लहान होता. शंभरेक घराण्यांचे शौक, त्यांच्या कर्जांचे आणि मर्जीचे चढउतार यांवर सारा डोलारा उभा. एका घोड्याचं चित्र झालं की तो ग्राहक पुढचा नावाजलेला घोडा मिळेपर्यंत परत येत नाही.

त्यात 1768 साली रॉयल अकादमी ही चित्रकारांची राजमान्य संस्था निघाली. स्टब्ज जुन्या ‘सोसायटी ऑफ आर्टिस्ट्स’शी इमान राखून राहिला. तिचा खजिनदार झाला, 1772-73 मध्ये अध्यक्षही. ती संस्था मात्र डोळ्यांदेखत विझत गेली. 1775 पासून त्याने अकादमीच्या प्रदर्शनात चित्रं द्यायला सुरुवात केली, पण तोवर तिथल्या चांगल्या जागा आधी आलेल्यांनी धरलेल्या होत्या.

समोरचे पर्याय

तेव्हा त्याच्यापुढे ढोबळमानाने तीन वाटा होत्या. पहिली, आहे तेच चालू ठेवायचं. यात धोका कमी होता, आणि या दर्जाचं काम करणाराही दुसरा कोणी नव्हता.

दुसरी वाट अकादमीची. तिथे शिरायचं, तिचे नियम पाळायचे, इतिहासचित्रं आणि व्यक्तिचित्रं मांडत राहायचं आणि हळूहळू आपली पायरी बदलून घ्यायची. वेळ लागला असता. पण स्टब्ज नव्वदीला पोचणाऱ्यासारखा काटक होता, वेळ त्याच्याकडे होता.

तिसरी वाट म्हणजे असं काही तंत्र किंवा असा काही उपक्रम उभा करायचा, की लोकांना आपल्याकडे नव्याने बघावंच लागेल.

स्वभावाने तो तिसऱ्या वाटेचा होता. पहिली त्याने पोटासाठी सोडली नाही आणि दुसरीवर अर्ध्यातून परतला.

काय केलं: मीनाकाम आणि अकादमी

1760 च्या दशकाच्या अखेरीस स्टब्जने मीनाकामाचे प्रयोग सुरू केले. धातूच्या ऑक्साइडांचे रंग भट्टीत भाजून काढायचे, म्हणजे ते काळवंडत नाहीत, तडकत नाहीत. चित्र कायमचं टिकावं हा त्याचा ध्यास होता. तांब्याचा पत्रा फार मोठा घेतला की भट्टीत वाकतो, म्हणून 1770 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने वेजवुडला गाठलं आणि चिनी मातीच्या मोठ्या तबकड्या मागितल्या. वेजवुडने पदरचे पैसे आणि वर्षं घालवून त्या बनवल्या. दोघांत जमलं ते यामुळेच. दोघेही भट्टीपुढे बसून चुका मोजणारे लोक. तबकड्यांचा खर्च स्टब्जने चित्रं देऊन फेडायचा, असं ठरलं. एट्रूरिया इथल्या वेजवुडच्या घरी काढलेलं कुटुंबाचं चित्र त्याच हिशेबातलं.

तंत्र साधलं, पण गिऱ्हाईक मिळालं नाही. इंग्रजांच्या लेखी मीनाकाम म्हणजे डबीवरचं, लॉकेटमधलं चिमुकलं काम. मोठ्या तबकडीवरचं गंभीर चित्र कोणत्या खोलीत लावायचं हेच त्यांना कळेना. कितीतरी तबकड्या शेवटपर्यंत स्टब्जच्या घरातच राहिल्या.

याच सुमारास अकादमीचं दार उघडलं. 1780 च्या नोव्हेंबरात तो सहयोगी सभासद झाला आणि 1781 च्या फेब्रुवारीत पूर्ण सभासद म्हणून निवडून आला. नियम एवढाच, की नव्या सभासदाने आपलं एक चित्र अकादमीला द्यायचं. 1782 च्या प्रदर्शनात त्याची मीनाचित्रं वाईट जागी लावली गेली आणि तो दुखावला. ते एक चित्र त्याने कधीच दिलं नाही. सभासदत्व पूर्ण झालंच नाही.

नोजली हॉलमधून निघून आलेला मुलगा इथे मला परत दिसतो. तेव्हा त्याला गमावण्यासारखं काही नव्हतं. आता मात्र शिक्का पुसू शकणारी देशातली एकमेव संस्था समोर होती, आणि ती मागत होती ते फक्त एक चित्र.

टर्फ गॅलरी

1790 च्या सुमारास, पासष्टी ओलांडल्यावर, त्याने सर्वांत मोठा डाव मांडला. गोडॉल्फिन अरेबियन या जुन्या नावाजलेल्या घोड्यापासून त्या दिवसापर्यंतच्या नामांकित शर्यतीच्या घोड्यांची चित्रमाला रंगवायची, ती प्रदर्शनात मांडायची, आणि मुलगा जॉर्ज टाउन्ली स्टब्ज याने त्यांची एनग्रेव्हिंग (पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं) करून वर्णनासह विकायची. ‘टर्फ’ (म्हणजे शर्यतीचं मैदान) या टोपणनावामागे राहिलेल्या कोणा धनिकाने 9000 पौंड बँकेत ठेवल्याचं आणि काम होईल तसे पैसे उचलायचे ठरल्याचं हम्फ्रीच्या टिपणात आहे.

कल्पना खरोखर चांगली होती. मूळ चित्र एक उमराव घेतो, पण छापील प्रत शेकडो शौकीन घेऊ शकतात. शंभर घराण्यांवरचं अवलंबित्व कमी करायचा हा थेट उपाय होता. 1794 च्या जानेवारीत काँड्विट स्ट्रीटवर टर्फ गॅलरी उघडली, तेव्हा सोळा चित्रं तयार होती. त्यातल्या चौदांची एनग्रेव्हिंग झाली. पण वर्षभर आधीच फ्रान्सशी युद्ध पेटलं होतं. पैसा आटला आणि बेत तिथेच थांबला.

हॅम्बलटोनियन

25 मार्च 1799 रोजी न्यूमार्केटला दोन घोड्यांची शर्यत झाली. सर हेन्री वेन-टेम्पेस्ट यांचा हॅम्बलटोनियन आणि जोसेफ कुकसन यांचा डायमंड. पैज 3000 गिनींची, अंतर चार मैलांहून थोडं जास्त. दोन्ही घोड्यांना शेवटपर्यंत चाबूक आणि टाचेच्या आऱ्यांनी रक्तबंबाळ केलं गेलं. हॅम्बलटोनियन अर्ध्या मानेने जिंकला.

आनंदलेल्या मालकाने पंचाहत्तरीच्या स्टब्जला चित्रं सांगितली. जिंकण्याचा क्षण त्याला हवा होता, तसा शर्यतीनंतर खरारा करतानाचा घोडाही. दुसऱ्या विषयावर स्टब्जने जे काढलं त्याची रुंदी साडेतीन मीटरहून अधिक आहे. आज ते उत्तर आयर्लंडमधल्या माउंट स्टुअर्ट वाड्यात आहे. लोकांची गर्दी नाही, जल्लोष नाही. कॅनव्हास भरून उरलेला दमलेला घोडा. कान मागे पडलेले, तोंड उघडं. एक माणूस लगाम धरून उभा आहे, तबेल्यातल्या पोऱ्याचा हात घोड्यावर आहे, आणि दोघेही सरळ आपल्याकडे बघताहेत. घोड्याचे एकाच बाजूचे दोन पाय उचललेले आहेत. असा घोडा उभा राहू शकत नाही. हाडन् हाड मोजलेल्या माणसाकडून हे नजरचुकीने झालं, असं मी मानायला तयार नाही. तोल जाऊनही कोसळू न शकणारं जनावर त्याला दाखवायचं होतं.

मालकाला विजयाची आठवण हवी होती. मिळाली ती विजयाची किंमत. 1800 च्या अकादमी प्रदर्शनात चित्र लागलं, पण मोबदल्यावरून वाद झाला आणि पैसे मिळवायला म्हाताऱ्याला कोर्टात जावं लागलं. दावा तो जिंकला.

परिणाम

10 जुलै 1806 रोजी स्टब्ज वारला. पुढच्या वर्षी घरातल्या चित्रांचा लिलाव झाला. न खपलेली मीनाचित्रं, तैलचित्रं, रेखाटनं त्यात गेली. नंतरची शंभरहून अधिक वर्षं त्याचं नाव शिकारखान्यात आणि क्लबांच्या भिंतींवर ‘घोडेवाला’ म्हणूनच राहिलं. विसाव्या शतकात पॉल मेलन या अमेरिकन संग्राहकाने त्याची चित्रं जमवली, 1984 साली लंडनच्या टेट गॅलरीत मोठं प्रदर्शन भरलं आणि मत बदललं. 1997 साली नॅशनल गॅलरीने ‘व्हिसलजॅकेट’साठी 1.1 कोटी पौंड मोजले. ‘गिमक्रॅक’ या घोड्याचं चित्र 2011 च्या लिलावात 2.2 कोटी पौंडांपुढे गेलं. यातलं काही स्टब्जच्या कामी आलं नाही, म्हणून त्याच्या निर्णयांचा हिशेब करताना हे आकडे मी बाजूला ठेवतो.

वेगळं काय करता आलं असतं

अकादमीला चित्र द्यायला हवं होतं. माझ्या मते हा सर्वांत महागात पडलेला निर्णय आहे, आणि सर्वांत सहज टाळता येण्याजोगाही. 1785-86 मध्ये त्याने ‘गवत कापणारे’ आणि ‘पीक कापणारे’ ही दोन शेतकाम करणाऱ्या माणसांची चित्रं काढली. आज ती टेटमध्ये आहेत. तसलं एखादं चित्र पदवीचित्र म्हणून कायम अकादमीच्या भिंतीवर राहिलं असतं, तर ‘याने माणूस काढलाय का’ या प्रश्नाला ते रोज उत्तर देत राहिलं असतं. मीनाचित्रं कुठे टांगली यावरचा राग खरा होता. पण भांडण जागेचं होतं आणि सोडलं ते सभासदत्व.

मीनाकामाबद्दल मी एवढं कठोर बोलणार नाही. प्रयोग थांबवायची गरज नव्हती. मात्र आकार वाढवण्याआधी या वस्तू विकत कोण घेणार, हे वेजवुडच्या विक्रीच्या जाळ्यातून पडताळता आलं असतं. देशातला सर्वांत हुशार विक्रेता त्याचा भागीदार होता आणि स्टब्जने त्याच्याकडून घेतल्या त्या फक्त तबकड्या.

टर्फ गॅलरी युद्धाने बुडाली, हे खरंच. तरी एकाच अनाम धनिकावर एवढा मोठा बेत उभा करणं म्हणजे शंभर घराण्यांऐवजी एका माणसावर विसंबणं झालं. अश्वशरीराचा ग्रंथ त्याने आगाऊ वर्गणीदार गोळा करून काढला होता. तीच रीत इथे धरून पाचपाच घोड्यांचे संच काढले असते, तर थांबायची वेळ आल्यावर निदान हातातले संच पूर्ण झाले असते.

हॅम्बलटोनियनच्या बाबतीत मी गोंधळतो. व्यवहार म्हणून बघितलं, तर मालकाला कच्चं रेखाटन आधी दाखवून होकार घेणं शहाणपणाचं होतं. पण ते दाखवलं असतं तर हे चित्र झालं असतं का? मला नाही वाटत. काही कामं ग्राहकाच्या मर्जीविरुद्धच जन्माला येतात, आणि कोर्टाची पायरी हा त्यांचा खर्च असतो. पंचाहत्तरीत तो खर्च सोसायची त्याची तयारी होती.

आणखी एक निर्णय उरतो. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, 1795 मध्ये, स्टब्जने माणूस, वाघ आणि कोंबडी यांच्या शरीररचनेची तुलना करणारा ग्रंथ हाती घेतला. पुन्हा विच्छेदन, पुन्हा थरावर थर, पुन्हा स्वतःच पत्रे कोरणं. शंभराहून अधिक रेखाटनं झाली, ग्रंथाचा थोडा भाग छापून निघाला आणि बाकीचं त्याच्या मृत्यूने अपुरं राहिलं. ती रेखाटनं पुढे अमेरिकेतल्या एका सार्वजनिक वाचनालयात पडून होती. 1957 साली ती सापडली आणि आता येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. धंद्याच्या दृष्टीने हा निर्णय हॉर्कस्टोपेक्षाही अविचारी होता, कारण या वेळी पुढे पंचवीस वर्षं कमवायला उरलेली नव्हती. हाच एक निर्णय मी बदलायला सांगणार नाही.